वाहनांची चालकशक्ति : जुनी कोणती, नवी कोणती?

१. विषयाचें प्रयोजन

जुने कागद गोळा करणाऱ्यांच्या हातांतून जे कागद सर्वांत सहज निसटतात, त्यांत यंत्रांसंबंधींच्या कागदांची गणना प्रथम करावी लागेल. सनदा, महजर, निवाडपत्रें, तहनामे यांचें मोल आतां कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु एखाद्या वाड्यांतील दफ्तर उलगडतांना त्यांत मोटारीच्या खरेदीची पावती, तेलाच्या डब्यांचा हिशेब, ट्रॅमगाडीचें तिकीट किंवा यंत्र चालविण्याचें माहितीपुस्तक निघालें, तर तें बहुधा रद्दींत जातें. त्यास शंभर वर्षें झालेलीं असलीं तरी तें ऐतिहासिक साधन आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अशा कागदांवांचून एका मोठ्या विषयाचा इतिहास कसा विपरीत लिहिला जातो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो विषय म्हणजे वाहनांस गति देणाऱ्या शक्तीचा.

या विषयाची एक वंशावळ सर्वतोमुखीं झालेली आहे. प्रथम घोडा व बैल, त्यानंतर वाफ, त्यानंतर पेट्रोल व डिझेल, आणि आतां वीज. म्हणजे वीज ही सर्वांत धाकटी. ही वंशावळ उत्तरकालीन बखरीच्या जातीची आहे. जो पक्ष विजयी झाला त्याच्या बाजूनें ती मागाहून लिहिली गेली, व पराभूत पक्षांचीं नांवें तींतून गळालीं. समकालीन कागद निराळेंच सांगतात. वाफ, वीज, तेल व वायु हे चारीहि पक्ष दीर्घकाळ एकाच रणांगणावर उभे होते. त्यांच्यामधील निवाडा यंत्राच्या गुणावगुणांवर जितका झाला, त्याहून अधिक तो एका साध्या प्रश्नावर झाला : शक्ति सांठवावी कशांत, आणि संपल्यावर वाटेंत भरावी कोठें? हा प्रश्न हातीं धरून पाहिलें असतां नव्याजुन्याचा पुष्कळसा गोंधळ नाहींसा होतो, असें आमचें मत आहे.

२. चंदी-वैरणीचा दाखला

या प्रश्नाचें स्वरूप मराठी कागदांच्या अभ्यासकांस परिचित आहे. घोडा हाहि या दृष्टीनें एक यंत्रच होय. त्याचें इंधन चंदी व वैरण. मराठ्यांच्या फौजा दसऱ्यास सीमोल्लंघन करून बाहेर पडत, त्यास धर्मविधीइतकेंच व्यावहारिक कारण होतें. पाऊस सरून नद्या उतरलेल्या असत, आणि रानांत चारा उभा असे. फौजेच्या हिशेबांत चंदी-वैरणीच्या रकमा पानोपानीं येतात त्या याचमुळें. जनावरास चारा नसेल तर शूर स्वारहि पायउतार झाला.

डाकेच्या चौकीवर थकलेला घोडा सोडून ताजा घोडा घेण्याची पद्धति हें याच प्रश्नाचें दुसरें उत्तर. घोड्याची शक्ति भरून येण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ डाक थांबूं शकत नाहीं. म्हणून शक्ति भरण्याऐवजीं घोडाच बदलावयाचा. तिसरें उत्तर वंजाऱ्यांच्या तांड्यांचें. लदणीचा बैल वाटेंत चरत जाई, म्हणून त्याचें इंधन पाठीवर वाहावें लागत नसे. बरोबर नेणें, वाटेंत बदलणें आणि वाटेवरच मिळविणें, हे तीन उपाय वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील दोन-अडीच शतकांत निघालेल्या प्रत्येक यंत्रवाहनास या तिहींपैकीं एकाचा आश्रय करावा लागला आहे.

३. वाफ रुळांवर कां गेली

वाफेच्या यंत्रांत इंधन नळकांड्याच्या बाहेर जळतें. त्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते, कोंडलेली वाफ नळकांड्यांतील दट्ट्यास ढकलते, व दट्ट्याच्या पुढें-मागें होण्यानें चाक फिरतें. इंधन बाहेर जळत असल्यामुळें लांकूड, कोळसा, तेल यांपैकीं कांहींहि चालतें, हा या यंत्राचा मोठा गुण. परंतु अग्निकुंड, पाणी व इंधन यांचा भार सदैव बरोबर वाहावा लागतो, हा त्याहून मोठा दोष.

फ्रान्सच्या सैन्यांतील निकोला-जोझेफ क्युन्यो यानें तोफा ओढण्याकरितां वाफेचा गाडा १७६९ सालीं चालवून दाखविला. तो माणसाच्या चालीनें चाले, आणि थोड्याच वेळांत वाफ संपून उभा राही. त्याचा पुढील मोठा गाडा पॅरिस येथील कला व शिल्प यांच्या संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतो. इंग्लंडांत रिचर्ड ट्रेव्हिथिक यानें २४ डिसेंबर १८०१ रोजीं कॅम्बोर्न येथें साध्या रस्त्यावर वाफेची गाडी चालविली, व २१ फेब्रुवारी १८०४ रोजीं वेल्समधील पेनिडॅरन येथें तीच शक्ति लोखंडी रुळांवर आणली. पुढें ऑक्टोबर १८२९ मध्यें रेनहिल येथील स्पर्धेंत स्टीफन्सन पितापुत्रांचें 'रॉकेट' यशस्वी झालें, आणि वाफेचें स्थान रुळांवर पक्कें झालें.

याचें कारण आमच्या प्रश्नांत आहे. रुळांवर घर्षण थोडें, म्हणून भार सोसतो. आणि मार्ग ठरलेला, म्हणून नेमक्या अंतरावर पाण्याच्या टांक्या व कोळशाचे ढीग ठेवतां येतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी पाहून लोकांस इंजिनाचा चमत्कार वाटला असेल. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीनें इंजिनाइतकीच महत्त्वाची वस्तु म्हणजे वाटेवरील पाण्याची टांकी होय. डाकेच्या चौकीचाच हा नवा अवतार.

रस्त्यावरील वाफेच्या गाडीस मात्र इंग्लंडच्या कायद्यानेंच अडविलें. १८६५ च्या कायद्यानें अशा गाडीचा वेग गांवाबाहेर ताशी चार मैल व गांवांत ताशी दोन मैल ठरविला, आणि गाडीच्या पुढें साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे असा निर्बंध घातला. हे जाचक निर्बंध १८९६ सालीं उठले. या तीस वर्षांत इंग्लंडांत रस्त्यावरील गाड्यांची प्रगति मंद कां, याचें उत्तर यंत्रशास्त्राच्या ग्रंथांत शोधूं जाणारा फसेल. तें कायद्याच्या पुस्तकांत आहे.

४. एका पुस्तिकेचें बळ

इंधन नळकांड्याच्या आंतच जाळावें, म्हणजे अग्निकुंड व पाणी यांचा भार वांचेल, ही कल्पना बरीच जुनी आहे. फ्रांस्वा इझाक द रिवाझ यानें हायड्रोजन वायूच्या स्फोटावर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट १८०७ सालीं घेतलें होतें. १८६० सालीं एत्येन लेन्वार यानें दिव्याच्या वायूवर चालणारें यंत्र व्यवहारांत आणलें. परंतु त्यांत वायु जाळण्यापूर्वीं दाबला जात नसे, म्हणून इंधन फार व शक्ति थोडी अशी स्थिति होती.

यापुढील कथा कागदांच्या संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जर्मनींत निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं चार क्रियांचें यंत्र सिद्ध केलें. दट्ट्या खालीं जातांना इंधनमिश्रित हवा आंत येते, ही पहिली क्रिया. वर येतांना ती दाबली जाते, ही दुसरी. ठिणगी पडून स्फोट होतो व दट्ट्या जोरानें खालीं जातो, ही तिसरी. आणि पुन्हां वर येतांना जळकी हवा बाहेर टाकली जाते, ही चौथी. चारांपैकीं एकच क्रिया शक्ति देते. बाकीच्या तीन जड चाकाच्या फिरत्या वेगावर निभावतात. आजहि पेट्रोलच्या बहुतेक मोटारी याच क्रमानें चालतात. ओटोस १८७७ सालीं जर्मन पेटंट मिळालें, आणि या पद्धतीचें यंत्र करणाऱ्या प्रत्येकास त्याच्या हक्काची अडचण होऊं लागली.

प्रतिपक्षाच्या शोधांत एक विस्मृत फ्रेंच पुस्तिका हातीं लागली. आल्फोन्स बो द रोशा नांवाच्या अभियंत्यानें १८६२ सालीं पेटंट घेऊन व ती पुस्तिका काढून हेच चार व्यापार क्रमानें सांगून ठेविले होते. त्यानें यंत्र केलें नाहीं, आणि पुढील शुल्क न भरल्यामुळें त्याचें पेटंटहि बुडालें. ओटोनें स्वतंत्रपणें व प्रत्यक्ष यंत्र करून दाखविलें होतें; तरीहि या जुन्या कागदाच्या बळावर जर्मनींतील त्याच्या पेटंटाचा चार क्रियांविषयींचा हक्क १८८६ सालीं रद्द झाला, आणि तें यंत्र करण्याची वाट सर्वांस मोकळी झाली. एका धंद्याचें भवितव्य चोवीस वर्षें दुर्लक्षित पडलेल्या पुस्तिकेनें पालटलें. ती त्या काळीं कोणीं रद्दींत टाकली असती, तर निवाडा काय झाला असता, याचा विचार वाचकांनींच करावा.

त्याच वर्षीं, म्हणजे २९ जानेवारी १८८६ रोजीं, कार्ल बेंझ यानें मानहाइम येथून आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तें पेटंट ३७४३५ या क्रमांकाचें. त्या गाडीचें यंत्र एका नळकांड्याचें व पाऊण अश्वशक्तीच्या आसपासचें होतें. या पेटंटाचा कागद २०११ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहाच्या नोंदवहींत दाखल झाला. यंत्रविषयक कागदास जगाच्या दफ्तरांत मानाचें पान मिळालें, ही गोष्ट आम्हांस सूचक वाटते.

परंतु पेटंटापेक्षांहि बोधप्रद आहे ती ऑगस्ट १८८८ मधील हकीकत. बेंझची पत्नी बेर्टा ही दोघां मुलांसह त्या गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर गेली. वाटेंत इंधन संपत आलें. पेट्रोलची दुकानें तेव्हां नव्हतींच. तिनें वीस्लोख गांवच्या औषधविक्रेत्याकडून लिग्रोईन नांवाचें डाग काढण्याचें तेल विकत घेतलें व पुढें गेली. पेट्रोलच्या भावी यशाचें रहस्य या एका खरेदींत आहे. हें इंधन बाटलींत मावतें, दुकानांत ठेवतां येतें, आणि क्षणांत भरतां येतें.

५. इसवी सन १९०० ची गणति

विजेची हकीकत याच काळांत समांतर चालू होती. गास्तों प्लान्ते यानें पुन्हां पुन्हां भरतां येणारी शिशाची घटमाला १८५९ सालीं केली. कामीय फोर यानें १८८१ सालीं तिच्यांत महत्त्वाची सुधारणा केली. आणि त्याच वर्षीं गुस्ताव्ह त्रूव्हे यानें पॅरिसमध्यें विजेची तीनचाकी चालविली. म्हणजे बेंझच्या पेटंटाच्या पांच वर्षें आधीं विजेचें वाहन रस्त्यावर होतें. न्यूयॉर्क शहरांत १८९७ पासून विजेच्या भाड्याच्या गाड्या धांवूं लागल्या, आणि त्यांच्या रित्या झालेल्या घटमाला तबेल्यांत काढून भरलेल्या बसविल्या जात. डाकचौकीवर घोडा बदलण्याचीच ही रीत. २९ एप्रिल १८९९ रोजीं कामीय जेनात्झी यानें पॅरिसजवळ आशेर येथें ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला. ताशी शंभर किलोमीटर ओलांडणारें तें पहिलें रस्त्यावरील वाहन होय, आणि तें विजेचें होतें.

आतां समकालीन आंकडे पाहूं. अमेरिकेच्या १९०० सालच्या गणतींत त्या वर्षीं तयार झालेल्या मोटारी पुढीलप्रमाणें दाखविल्या आहेत : वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ व पेट्रोलच्या ९३६, एकूण ४,१९२. म्हणजे पेट्रोलची गाडी तिघींत शेवटची होती. वाफेची गाडीहि मृतप्राय नव्हती. १९०६ सालीं फ्लॉरिडाच्या वाळूवर स्टॅन्ले बंधूंच्या वाफेच्या गाडीनें ताशी २०० किलोमीटरांचा पल्ला ओलांडला. 'वाफ गेली, पेट्रोल आलें, मग वीज आली' असें म्हणणाऱ्या बखरकारास हा एक कागद पुरेसा आहे.

६. पेट्रोल कां जिंकलें

मग पुढील वीस वर्षांत असें काय झालें? प्रथम सांठ्याचा हिशेब पाहावा. एक किलो पेट्रोलमध्यें सुमारे १२ युनिट शक्ति असते. शिशाच्या घटमालेंत एका किलोस एका युनिटाचा तिसावा-पंचविसावा भाग मावतो. म्हणजे वजनास वजन धरलें तर अंतर सुमारें तीनशें पटींचें. पेट्रोलच्या यंत्रांत त्यांतील तीन-चतुर्थांश शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते, व विजेच्या मोटरींत फारच थोडी जाते. हें जमेस धरूनहि पेट्रोलचें पारडें जड राहतें. शहरांत थोडें फिरून संध्याकाळीं घरीं परतणाऱ्यास विजेची गाडी सोयीची होती. परंतु गांवोगांव जाणाऱ्यास ती निरुपयोगी ठरे, कारण खेड्यांत वीज नव्हती व औषधविक्रेत्याकडे ती मिळत नव्हती.

दुसरें कारण तेलाची विपुलता. १० जानेवारी १९०१ रोजीं टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथें तेलाचा प्रचंड कारंजा उसळला, व अमेरिकेंत तेलास तोटा राहिला नाहीं. तिसरें कारण किंमत. हेन्री फोर्डची 'टी' नमुन्याची गाडी १९०८ सालीं ८५० डॉलरांस निघाली. १९१३ पासून सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाल्यावर तिची किंमत उतरत जाऊन पुढील दशकांत ३०० डॉलरांच्या आंत आली.

चौथें कारण मोठें चमत्कारिक आहे. पेट्रोलचें यंत्र हातानें दांडा फिरवून सुरू करावें लागे. त्यांत मनगट मोडण्याचें भय असे, व म्हणूनच पुष्कळांस विजेची गाडी बरी वाटे. चार्ल्स केटरिंग यानें घटमाला व लहानशी विजेची मोटर यांच्या साहाय्यानें तो दांडा फिरविण्याची युक्ति काढली, व ती १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसविली गेली. विजेच्या गाडीचा पराभव अशा रीतीनें विजेच्याच मोटरीनें केला. पेट्रोलची गाडी त्या दिवसापासून शुद्ध पेट्रोलची राहिलीच नाहीं.

७. टंचाई आली म्हणजे

विजयी पक्षाचें राज्यहि अखंड नव्हतें. सांठा तुटला कीं पराभूत पक्ष पुन्हां डोकें वर काढीत. रूडोल्फ डिझेल यानें हवा इतकी दाबली कीं ती तापून इंधन ठिणगीवांचून पेटावें. त्याचें यंत्र १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें कसास उतरलें, व त्यानें इंधनांतील शक्तीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग कामीं आणला. आज 'डिझेल' हें नांव एका खनिज तेलास चिकटलें आहे. परंतु १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत त्याच जातीचें एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें होतें. वनस्पतितेलावर यंत्र चालविणें ही कल्पना नवी मानणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

दुसऱ्या महायुद्धांत तर पेट्रोलची टंचाई सर्वत्र झाली. तेव्हां लांकूड किंवा कोळसा कोंडलेल्या भट्टींत अपुऱ्या हवेवर जाळून निघणारा वायु मोटारीच्या यंत्रास पुरविण्याची पद्धति पसरली. एकट्या जर्मनींत अशीं सुमारें पांच लक्ष वाहनें होतीं असें सांगतात. भारतांतहि त्या वर्षांत पाठीमागें भट्टी लावलेल्या बसगाड्या व मालमोटारी चालत. सकाळीं भट्टी पेटवून वायु धरेपर्यंत उतारूंस थांबावें लागे, आणि चढणीवर गाडीची शक्ति उणी पडे. यंत्र तेंच, पेट्रोलचें. बदललें तें केवळ इंधन. युद्ध संपून पेट्रोल मिळूं लागतांच भट्ट्या निघाल्या व भंगारांत गेल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे परवाने व वापरण्याच्या सूचनाहि गेल्या, म्हणून आपल्या इलाख्यांतील या काळाचा इतिहास लिहूं म्हटल्यास असे सुटे कागदच शोधावे लागतात.

८. मुंबईचा दाखला : तारेमागील कोळसा

सांठ्याचा प्रश्न सोडविण्याची एक रीत अशी कीं, सांठा गाडींत ठेवावयाचाच नाहीं. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजीं तिच्या जागीं विजेची ट्रॅम धांवली. १५ जुलै १९२६ रोजीं मोटारबस आली. आणि ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्रॅम थांबली. ही कालक्रमावली नीट पाहावी. या एका शहरांत विजेचें वाहन आधीं व तेलावरील सार्वजनिक बसगाडी एकोणीस वर्षें मागाहून आली, आणि पुढें तेलानें विजेस रस्त्यावरून हटविलें.

रुळांवर मात्र उलट घडलें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची आगगाडी सुरू झाली. तीच भारतांतील पहिली. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनानें बोरघाट चढून पुण्यास येऊं लागली. प्रवाशांस धूर दिसेनासा झाला; परंतु धूर नाहींसा झाला नव्हता. या मार्गास वीज पुरविण्यासाठीं कल्याणजवळ ठाकुर्लीस रेल्वेचें जें वीजघर होतें, तेथें कोळसाच जळत असे. गाडींतील कोळसा वीजघरांत गेला, इतकेंच. उलटपक्षीं, १९१५ पासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांस मिळणारी टाटांची वीज सह्याद्रीवरील तलावांच्या पाण्यानें उत्पन्न होत होती. तेथें सांठा डोंगरावर होता.

यांतून संशोधकास एक नियम मिळतो. विजेच्या वाहनाचा कागद वाचतांना तार जेथें जाते तेथपर्यंत गेल्यावांचून त्याच्या चालकशक्तीची जात ठरवूं नये. आजच्या विजेच्या मोटारींसहि हाच नियम लागू आहे. गाडी निर्धूर असली तरी तिची वीज कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची कीं उन्हाची, हें निराळेंच तपासावें लागतें.

९. नव्या म्हणविणाऱ्या तीन शक्ति

सांप्रत नव्या म्हणून गाजत असलेल्या शक्ति मुख्यत्वें तीन. पहिली, लिथियमच्या घटमालेवर चालणारी विजेची गाडी. गाडी जुनीच, नवी आहे ती सांठवण. लिथियम-आयन घट १९९१ सालीं सोनी कंपनीनें बाजारांत आणले, व ज्यांच्या संशोधनावर ते उभे राहिले त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या घटांत एका किलोस शिशाच्या घटमालेच्या पांच-सात पट शक्ति मावते. पेट्रोलशीं तुलना करतां ती अजूनहि थोडीच. परंतु मोटरींत शक्ति वायां जात नसल्यामुळें तेवढ्यावर गाडी एका भरण्यांत शेंकडों किलोमीटर जाते. १९०० सालीं गमावलेला दावा विजेनें पुन्हां उभा केला तो या एका सुधारणेच्या आधारावर. भरण्यास लागणारा वेळ व वाटेवरील सोय हे जुने आक्षेप मात्र अद्याप पुरते मिटलेले नाहींत; आणि दुचाकी व तीनचाकी गाड्यांची रिती घटमाला देऊन भरलेली घेण्याचीं केंद्रें आज निघत आहेत, तीं पाहून डाकचौकीची आठवण होते.

दुसरी, तेल व वीज यांची संमिश्र गाडी. टोयोटा कंपनीची प्रियस ही गाडी १९९७ सालीं जपानांत विक्रीस आली व संमिश्र पद्धति सर्वत्र प्रसिद्ध झाली. परंतु फर्डिनांड पोर्शे यानें लोनर कंपनीसाठीं चाकांतच विजेच्या मोटरी बसविलेली गाडी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत मांडली होती, आणि त्याच सुमारास पेट्रोलच्या यंत्रानें वीज करून त्या मोटरी फिरविण्याचीहि योजना प्रत्यक्षांत आणली होती.

तिसरी, हायड्रोजन वायूची. हायड्रोजन व हवेंतील प्राणवायु यांचा ज्वालेवांचून संयोग घडवून थेट वीज मिळविण्याचा प्रयोग विल्यम ग्रोव्ह यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केला होता. त्या तत्त्वावरची मिराई ही मोटार टोयोटा कंपनीनें २०१४ सालीं विक्रीस आणली. तत्त्व व विक्री यांमध्यें पावणेदोनशें वर्षें गेलीं, याचें कारण पुन्हां तेंच. हा वायु अतिशय हलका. पुरेसा बरोबर न्यावयाचा तर वातावरणाच्या सुमारें सातशें पट दाबानें कोंडावा लागतो, आणि तो भरण्याच्या जागा विरळ आहेत.

तिघींच्याहि वंशावळी तपासल्या असतां असें दिसतें कीं, चालकशक्तीच्या तत्त्वांत नवें फारसें कांहीं नाहीं. नवें येतें तें सांठवणींत, पुरवठ्यांत व किंमतींत. म्हणून 'जुनी शक्ति' व 'नवी शक्ति' हे शब्द इतिहासकारानें तारखेवांचून वापरूं नयेत.

१०. संग्राहकांस विनंति

आतां या विवेचनाचा व्यवहारांत उपयोग काय, तें सांगून लेख पुरा करूं. सांठवण, पुरवठा व किंमत या गोष्टी यंत्र पाहून कळत नाहींत. संग्रहालयांत ठेवलेली मोटार तिचा आकार सांगते. ती काय पीत होती, तें इंधन कोठून व कोणत्या भावानें येत होतें, हें ती सांगत नाहीं. तें सांगणारे कागद म्हणजे इंधनाच्या पावत्या, टंचाईच्या काळांतील शिधापत्रें व परवाने, वाहनमालकांच्या रोजकीर्दी, बसकंपन्यांचीं वेळापत्रकें, यंत्रांचीं माहितीपुस्तकें व विक्रेत्यांच्या किंमतयाद्या. संस्थानिकांच्या व व्यापाऱ्यांच्या दफ्तरांत अशा कागदांचे गठ्ठे असूं शकतात. ते हातीं आल्यास मूळ रुमालांतून वेगळे करूं नयेत. तारीख, स्थळ, इंधनाचा प्रकार व भाव या चार बाबी टिपून ठेवाव्या.

आजच्या कागदांची स्थिति तर याहून नाजूक आहे. पेट्रोलपंपावरील पावती उष्णतेनें उमटणाऱ्या अक्षरांची असते व कांहीं वर्षांतच कोरी होते. विजेची गाडी भरल्याची नोंद पुष्कळदां कागदावर येतच नाहीं. ती कंपनीच्या यंत्रांत राहते, व कंपनी बुडाली कीं तीहि बुडते. मोडीचा दीडशें वर्षांपूर्वींचा कागद आपण वाचूं शकतों, आणि दहा वर्षांपूर्वींच्या गाडीचा हिशेब कदाचित् वाचतां येणार नाहीं. बो द रोशाची पुस्तिका कागदावर होती म्हणून चोवीस वर्षांनीं साक्षीस उभी राहिली. आपल्या काळांतील शक्तींच्या वादाचा निवाडा करावयास पुढील पिढी बसेल, तेव्हां तिच्यापुढें केवळ विजयी पक्षाची बखर न राहतां दोन्हीं बाजूंचे अस्सल कागद असावे, एवढ्यासाठीं प्रत्येक संग्राहकानें आपल्या संग्रहांत या विषयाचा एक रुमाल आजच बांधावा, अशी आमची विनंति आहे.